पिंगळ्याची आई

ओन म्या : सही नको, बाई. मी सहीसाठी आले नाही. ठेवा ते पेन.

सान यी : माफ करा. कुणी जिना चढून वर आलं आणि हातात माझं पुस्तक दिसलं, की मला तेच वाटतं. बसा ना. खुर्चीत नको, तिचा एक पाय हलतो. इकडे चटईवर बसा. माझा पत्ता कुणी दिला तुम्हाला?

ओन म्या : खाली इस्त्री करते ना, तिनं. तिला बोलू नका काही. आधी नाहीच म्हणाली. इथे कुणी लेखिकाबिखिका राहत नाही, म्हणाली. मग माझी बोटं बघितली तिनं. तिची आईपण चिरूट वळायची म्हणे, आमच्या पखोक्कू गावातच. तंबाखूचा डाग किती घासला तरी जात नाही. मग म्हणाली, वरचा मजला.

सान यी : पखोक्कूहून इथपर्यंत आलात? सीमेवरची नदी ओलांडून, या परक्या देशात?

ओन म्या : मे सोटला आपल्याकडचं माणूस दुसरं कसं येणार? तुम्हीही तशाच आला असाल.

सान यी : तशीच आले. मुलीला घेऊन, एका पिशवीत दोघींचे कपडे.

ओन म्या : माझं नाव ओन म्या. हे पुस्तक माझ्या मुलाचं, चानचं. कव्हर सुटलं होतं, मी खळ लावून चिकटवलंय. तुम्ही त्याला ओळखत नाही, पण त्याचं दुसरं नाव तुमच्या पुस्तकातलं आहे. वर डोंगरात त्याला पिंगळा म्हणतात. ... काय झालं? पाणी देऊ का?

सान यी : नको. तुमचा मुलगा बरा आहे ना?

ओन म्या : जिवंत आहे. असं का विचारलंत?

सान यी : डोंगरात त्या नावाचा एकच मुलगा नाही, ताई. मला कळलेले तिघं होते. त्यातले दोघं गेले. एकाची बहीण मला इथल्या बाजारात भेटली. भांडली नाही, रडली नाही. नुसतं सांगितलं, की त्याच्या पिशवीत 'सावल्यांचा सारा'चा दुसरा भाग होता, अर्ध्यात पान दुमडलेलं होतं. घरी आले आणि त्या शनिवारी मी काहीच लिहू शकले नाही. पुढच्याही नाही.

ओन म्या : म्हणून थांबलं होय? चान म्हणत होता, बाई आजारी असतील. दर शनिवारी तिसरा भाग थोडा थोडा फोनवर टाकायच्या, तो सगळे मिळून वाचायचे. रेंज यायला टेकडीवर चढावं लागतं. एक जण चढून उतरवून आणायचा, मग बाकीच्यांना वाचून दाखवायचा.

सान यी : तुम्ही भेटलात त्याला?

ओन म्या : दोनदा जाऊन आले. त्याच्यासाठीच आलेय मी तुमच्याकडे. त्याच्या उजव्या डोळ्यात पत्र्याची कपची गेली. चैत्राच्या सुमारास, आपल्या पाण्याच्या सणानंतर लगेच. त्यांच्यात एक मुलगी आहे, दोन वर्षं डॉक्टरकी शिकून सोडून आलेली. तिनं जमेल तेवढं केलं. तीच मला बाजूला घेऊन म्हणाली, मावशी, हा डोळा गेलाच आहे, पण तो काढला नाही तर चांगला डोळाही जाईल. कधी जाईल सांगता येत नाही. मे सोटला दवाखान्यात ने याला. पंधरा दिवसांचं काम आहे.

सान यी : मग?

ओन म्या : मग काय. येत नाही. माणसं कमी आहेत म्हणतो. एका डोळ्यानं भागतं म्हणतो. मी रडले, शिव्या दिल्या, जेवले नाही. त्याच्या वरच्या माणसाला भेटले, तो बिचारा म्हणाला घेऊन जा. हाच हलेना. दुसऱ्या वेळी निघताना मी विचारलं, कधी येशील ते तरी सांग. तर हसून म्हणाला, पिंगळा डोंगर उतरला की मीही उतरेन.

सान यी : थट्टेत म्हणाला असेल.

ओन म्या : थट्टेतच म्हणाला. मला कळतं की. पण तेवढंच बोलला तो मला धरून चालता येईल असं. म्हणून आले. बाई, तुम्ही पिंगळ्याला उतरवा.

सान यी : ताई...

ओन म्या : कायमचा नको. मी त्याला लढाई सोड म्हणत नाही, आता ते म्हणायची वेळ गेली. पंधरा दिवस उतरवा. त्याला ताप आणा, पाय मोडा, काहीही करा. तुमच्या हातात आहे.

सान यी : माझ्या हातात असतं तर ते दोघं... हे बघा, मी जे लिहिते ते वाचून मुलं तिकडे जातात, हाच मला त्रास आहे. मी बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी गोष्ट लिहायला घेतली. राजा दर वर्षी लोकांकडून त्यांची सावली सारा म्हणून वसूल करतो. ज्याची सावली गेली तो मान वर करत नाही. आणि पिंगळा, एका नावाड्याचा मुलगा, रात्री कोठारात शिरून घडी घालून ठेवलेल्या सावल्या चोरून परत आणतो. एवढंच. मला वाटलं, होड्या आहेत, चोरी आहे, मुलांना मजा येईल.

ओन म्या : मजा यायचीच त्याला.

सान यी : पण मग मोठी माणसंही वाचायला लागली. यांगूनचा प्रकाशक विचारायचा, हे मुलांच्या फळीवर ठेवू की मोठ्यांच्या? मी म्हणायचे, मधे ठेवा. लष्करानं सत्ता घेतली आणि दुकानात दोघं जण आले. यातला राजा कोण आहे, म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, साहेब, लहान मुलांची गोष्ट आहे. ते म्हणाले, मग मोठी माणसं का नेतात? त्याच आठवड्यात मी घर सोडलं. मला अभिमान वाटला होता तेव्हा, खोटं कशाला सांगू. आता वाटतं, मोठ्यांनी वाचलं, समजून मान डोलावली आणि घरी बसले. मुलांनी वाचलं आणि ती उठून गेली.

ओन म्या : बाई, एक बोलू? राग नका मानू.

सान यी : बोला.

ओन म्या : तुम्ही स्वतःला फार मोठं करताय. माझा चान तुमच्या पुस्तकामुळे नाही गेला. तो आणि सोई म्या, आमच्या शेजारचा, दोघं एका सायकलवरून मोर्चाला गेले. सायकल घेऊन चान एकटाच परत आला. शर्टाला रक्त, आणि ते त्याचं नव्हतं. चार महिने कुणाशी बोलला नाही. मग गेला. तुमच्या पुस्तकातनं त्यानं फक्त नाव घेतलं. नाव घ्यायलाच हवं होतं काहीतरी.

सान यी : मग तुम्हीच सांगा. पुस्तकानं जो गेला नाही, तो पुस्तकानं परत कसा येईल? मी तुम्हाला हरवायला नाही बोलत, ताई.

ओन म्या : मला माहीत नाही कसा येईल. सगळं करून झालं माझं. हे एक राहिलं होतं.

सान यी : चहा ठेवते. तुम्ही काही खाल्लंय का सकाळपासून? चहाच्या पानांची कोशिंबीर आहे, शेंगदाणे थोडे मऊ पडलेत.

ओन म्या : चालेल. लसूण आहे का तळलेला? असला तर घाला.

सान यी : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. लिहिलेलं आधी तिला वाचून दाखवते. तिच्याजवळ काही लपत नाही. मागे एकदा मी पिंगळ्याच्या मित्राला वाचवलं होतं, मला मारवेना म्हणून. ती म्हणाली, आई, हा वाचला नाहीये, तू वाचवलायस. आणि पुढचं ऐकायला बसलीच नाही. आता मी पिंगळ्याचा पाय मोडून त्याला खाली आणला, तर तुमच्या चानला पहिल्या ओळीत कळेल की त्याची आई माझ्याकडे येऊन गेली.

ओन म्या : कळू दे की.

सान यी : कळल्यावर तो उतरेल?

ओन म्या : नाही. चिडेल. ... कोशिंबीर चांगली झालीय. मीठ कमी आहे.

सान यी : तुम्ही वाचलंय का हो पुस्तक? की नुसतं चिकटवलंय?

ओन म्या : ऐकलंय. मी चिरूट वळायचे, तो समोर पालथा पडून मोठ्यानं वाचायचा. तेरा-चौदाचा असेल. मधेच उठून होडी कशी उलटली ते करून दाखवायचा, तंबाखू उडवायचा सगळी. दोन्ही भाग ऐकलेत. माझं एक भांडण आहे तुमच्याशी त्यावरनं. तेव्हापासूनचं.

सान यी : कशाबद्दल?

ओन म्या : त्या पोराची आई कुठे गेली? सुरुवातीला एक पानभर आहे. जाळं विणत असते. पोरगा पहाटे घर सोडून जातो तेव्हा ती झोपलेली असते, असं लिहिलंय तुम्ही. त्यानंतर दोन पुस्तकं संपली, तिचं नाव नाही. तो मार खातो, पुरात वाहून जातो, राजाच्या कोठारात अडकतो. आई म्हणून कुणी आहे की नाही? मी चानला विचारायचे, तर म्हणायचा, आई, मधे बोलू नको.

सान यी : ते... मुलांच्या गोष्टीत आईबापांना आधी बाजूला काढावं लागतं. नाहीतर मूल घराबाहेर पडतच नाही. कुणी म्हणतं जेवून जा, कुणी म्हणतं अंधार पडलाय. गोष्ट घडणार कधी? सगळे लिहिणारे तेच करतात.

ओन म्या : करत असतील. पण झोपलेली होती, हे खोटं आहे.

सान यी : कसं?

ओन म्या : मुलगा जायला उठला आणि आई झोपून राहिली, असं होत नाही, बाई. चान गेला तेव्हा मी जागी होते. त्यानं मोजे घातले आधी, पायरव नको म्हणून. तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं, ते वाजतं, म्हणून शर्टात धरून काढलं. मग माझ्या उशाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ. मी श्वास झोपल्यासारखा घेत होते. घेता येत नाही हो तसा, मोजून घ्यावा लागतो.

सान यी : का उठला नाहीत?

ओन म्या : उठले असते तर विचारावं लागलं असतं, कुठे चाललास. मग त्याला खोटं बोलावं लागलं असतं. त्याला खोटं बोलता येत नाही, तोंड लालेलाल होतं. आणि गेला तर असताच. मग म्हटलं, निदान चोरून गेलो असं समाधान तरी असू दे त्याला. फाटकापाशी गेला आणि मी बसले उठून. एवढंच.

सान यी : हे त्याला माहीत आहे?

ओन म्या : त्याला कसं माहीत असणार? कुणालाच नाही. तुम्हाला आत्ता सांगितलं.

सान यी : ताई, मला पिंगळ्याला उतरवता येणार नाही. पण त्याच्या आईला घराबाहेर काढता येईल. हे सगळं, मोजे, डबा, तो श्वास, हे लिहिलं तर चालेल तुम्हाला?

ओन म्या : मला काय विचारता? लेखिका तुम्ही आहात.

सान यी : तुमचं आहे ते. विचारायला हवं.

ओन म्या : लिहा. पण बाहेर पडून ती करणार काय? तिची सावली तर नेली असेल राजानं.

सान यी : नेली असेलच. मुलाची वाचावी म्हणून तिनं स्वतःची दिली असेल. आणि सावली नसलेल्या बाईकडे पहारेकरी बघतसुद्धा नाहीत. ती चौक्यांमधून सरळ चालत जाईल. तुम्ही कशा गेलात चानकडे? वाट सांगा मला. नावं नको, नुसतं काय काय लागतं ते.

ओन म्या : होडीतनं उतरलं की मक्याची शेतं. मग एका बाजूला कललेला पॅगोडा, पडेल पडेल वाटतो आणि पडत नाही. तिथून ओढ्याकडे बांबूचा पूल आहे, सगळे त्यावरून जातात. पण ती वाट लांबची. मी सागाच्या रानातून आडवी गेले. मुंग्यांची दोन मोठी वारुळं आहेत, त्यांच्यामधून. अर्धी सकाळ वाचते.

सान यी : मी सगळं बदलून लिहीन. बाकी कुणाला कळणार नाही. जो त्या वाटेनं चाललाय त्याला मात्र कळेल.

ओन म्या : आणि मग तो उतरेल?

सान यी : ते मी नाही सांगू शकत.

ओन म्या : निदान खोटं तरी बोलला नाहीत. पावसाचा जोर उतरला की मी परत जाणारच आहे वर. तोवर लिहा तुम्ही.

(पावसाळा सरताना. मे सोटमधला एक दवाखाना, दुपार. चान खाटेवर, उजव्या डोळ्यावर पट्टी. ओन म्या जेवण आणायला बाहेर गेली आहे.)

चान : बाई, तुम्ही फोटोत उंच वाटता.

सान यी : सगळेच म्हणतात. दुखतंय का?

चान : जो डोळा काढला तोच दुखतो. डॉक्टर म्हणे असं होतं. डावा शाबूत आहे. तुमचा नाकावरचा तीळ दिसतोय मला.

सान यी : ताईंचा निरोप आला, तू स्वतःहून उतरलास म्हणून. मला खरं वाटेना.

चान : स्वतःहून नाही. तुम्ही उतरवलंत.

सान यी : वाचलंस तू?

चान : तीन शनिवारचं एकदम मिळालं. पावसात रेंज नव्हती. सगळे बसलो होतो, मी वाचत होतो. लहान पोरं कंटाळली आधी. ही म्हातारी कुठून आली, पिंगळा कोठारात कधी शिरणार, असं चाललं होतं. मग ती चौकीतून चालत गेली आणि पहारेकऱ्यांना दिसलीच नाही, तिथे गप्प झाली. आमचा स्वयंपाकी आहे, पन्नाशीचा काका. तो झोपेच्या सोंगापाशीच उठून चुलीकडे गेला. धूर झाला म्हणाला. चूल विझलेली होती.

सान यी : आणि तुला?

चान : मला नाही आवडलं.

सान यी : का?

चान : ती जागी होती, हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मला वाटत होतं, मी किती सफाईनं निघालो. आणि ते मला पंधरा जणांना वाचून दाखवताना कळलं. मोज्यांपाशी आलो तेव्हाच ओळखलं. थांबताही येईना, सगळे ऐकत होते. तिनं तुम्हाला सांगितलं, बाई. मला नाही सांगितलं.

सान यी : तुझं खरं आहे. मी तिला विचारलं. तुलाही विचारायला हवं होतं.

चान : कसं विचारणार? असो. त्यासाठी नाही उतरलो मी. चिडलो होतो, आणखी महिनाभर राहिलो असतो वर. पण शेवटच्या शनिवारी ती म्हातारी कललेल्या मनोऱ्यापाशी येते. पुलाकडे जात नाही. दोन टेकाडांच्या मधून आडवी रानात शिरायला निघते, आणि तुम्ही तिथेच थांबवलंय. पुढील शनिवारी, म्हणून.

सान यी : हो. ती वाट मला ताईंनी...

चान : तेच म्हणतोय. ती वाट तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. म्हणजे आईनं सांगितली. म्हणजे तिच्या डोक्यात तीच वाट आहे, आणि ती येणार. बाई, त्या रानात आता कुणी जात नाही. पावसाच्या तोंडावर आम्ही तिथे सुरुंग पेरले. त्या बाजूनं लष्कराची माणसं चढून येतात म्हणून. त्या दोन वारुळांच्या मधला मी माझ्या हातानं पुरलाय. बसा. पाणी तिकडे आहे, जगमध्ये.

सान यी : फोन करायचा होतास तिला.

चान : केला की. टेकडीवर दोन दिवस बसून होतो. लागेना. तिचा फोन पाण्यात पडला होता, मला काय माहीत. तिसऱ्या दिवशी वरच्याला म्हटलं, मला डोळा दाखवायला जायचंय. तो म्हणाला, कधीपासून सांगतोय मी तुला. उतरलो, होडी मिळाली, शोधत शोधत तिच्या खोलीवर गेलो. तर ही बाई तांदूळ आणि सुकी मासळी बांधून तयार. पहाटेची होडी ठरवलेली.

सान यी : मला नव्हतं माहीत, चान. मी लिहिलं ते तू तिची आठवण काढावीस म्हणून. तिला तिकडे...

चान : तुम्ही नसतं लिहिलं तरी ती निघालीच असती. फक्त मला कळलं नसतं. तरी एक सांगतो. पुन्हा कुणाची खरी वाट लिहू नका. तुम्ही बदलून लिहिलंय, मान्य आहे. पण मी ओळखली, तशी दुसऱ्या कुणी ओळखली असती तर?

सान यी : नाही लिहिणार. ... आता पुढचं कसं लिहायचं तेच मला सुचत नाहीये. ती बाई तिथे रानाच्या तोंडाशी उभी आहे. लोक विचारतात, शाळेतली मुलं विचारतात, म्हातारे विचारतात.

चान : पिंगळा खाली येऊन भेटेल तिला. आणि मग परत जाईल.

सान यी : कधी?

चान : टाके निघाले की.

सान यी : तू परत जाणार आहेस.

चान : मी पिंगळ्याचं सांगतोय.

सान यी : मीही त्याचंच विचारतेय.

चान : आईसाठी म्हणून त्याला घरी बसवू नका, एवढंच. वर जी पोरं वाचतात त्यांना खोटं लगेच कळतं.

सान यी : आणि मी त्याला मारूही शकत नाही. दोघांना गमावून झालंय. तिसरा इथे खाटेवर पडून मला शिकवतोय.

चान : मग शेवट काय करणार?

सान यी : माहीत नाही. आधीच्या दोन्ही वेळी मला शेवट आधी सुचला होता. यावेळी नुसता शनिवार येतो.

चान : बाई, एक काम करा माझं. आईला सुरुंगाचं बोलू नका. मी तिला सांगितलंय की पूल वाहून गेला, म्हणून ती बाजूच बंद आहे.

सान यी : तिनं ऐकून घेतलं? तुझं म्हणे तोंड लाल होतं.

चान : निम्म्या तोंडावर पट्टी होती.

सान यी : पण तू वर गेल्यावर ती पुन्हा निघाली तर? ती पुलावरनं जातच नाही, चान. रानातूनच जाते.

चान : म्हणून तर तुम्हाला सांगतोय. तुमच्या गोष्टीत तिला थांबवा. काहीतरी घाला तिथे, वाघ घाला, राजाचं सैन्य घाला. सगळं ऐकते ती आता, शेजारच्या मुलीकडून वाचून घेते. तुम्ही थांबवलंत तर थांबेल.

सान यी : तुझ्या आईनंही माझ्याकडे अगदी हेच मागितलं होतं. तुझ्यासाठी.

चान : मग द्या ना एकदा कुणाला तरी. ... मी जरा पडतो, बाई. त्या गोळीनं डोकं जड होतं.

सान यी : पड. मी आहे, ताई येईपर्यंत.

ओन म्या : आलात होय तुम्ही? बरं झालं, मोहिंग्याच्या शेवया जास्तच आणल्यात. वाढणारी ओळखीची निघाली, आपल्या तिकडच्या मिंजान गावची. जेवला नाही ना काही हा? झोपलाच का?

सान यी : आत्ताच डोळा लागला. डबा झाकून ठेवा.

ओन म्या : चांगला रंग आलाय नाही तोंडावर? डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यात टाके काढू. काचेचा डोळा बसवतात म्हणे नंतर. याला विचारलं कुठल्या रंगाचा हवा, तर म्हणतो हिरवा.

सान यी : ताई, टाके निघाल्यावर...

ओन म्या : जाणार तो. मला माहीत आहे. बूट पुसून खाटेखाली ठेवलेत त्यानं, भिंतीकडे टाचा करून. मी पंधरा दिवस मागितले होते, बावीस मिळाले. मी काही बोलणार नाही त्याला. फक्त या खेपेला दोघं जागे असताना जा म्हणणार आहे.

सान यी : आणि तुम्ही? पखोक्कूला परत?

ओन म्या : तिथे कोण आहे? राहीन इथेच, त्या इस्त्रीवालीनं काम देते म्हटलंय. आणि मधूनमधून वर जाऊन येईन. हा म्हणतो पूल वाहून गेला. बांबूचा पूल तो, दर पावसात वाहून जातो आणि चार माणसं मिळून परत बांधतात. शिवाय मला पूल लागतोच कुठे? पण याच्या मनात काय आहे कळत नाही. मी रानातनं येते म्हटलं की गप्प बसतो. तुम्हाला बोलला का काही?

सान यी : बोलला.

ओन म्या : काय? शनिवारी लिहिणार आहात का ते?

सान यी : नाही. हे शनिवारचं नाही. तुम्हाला आजच सांगायला हवं. जरा बाहेर येता का व्हरांड्यात?

ओन म्या : इथेच सांगा. हळू बोला फक्त, आत्ताच झोपलाय तो.